‘सिंहासन’मागची माणसे

जुन्या मराठी चित्रपटांत नामावली आरंभी येत असे. त्या वेळी प्रेक्षक अंधारात आपली जागा शोधत असत. आजच्या चित्रपटांत ती शेवटी येते, तेव्हा प्रेक्षक अंधारात आपल्या चपला शोधत असतात. दोन्ही काळांत एक गोष्ट मात्र कायम राहिली आहे. ज्यांनी चित्रपट घडविला त्यांची नावे कोणी वाचत नाही. नायक-नायिका आपल्याला ठाऊक असतात, फार तर दिग्दर्शक. बाकीचे सारे पडद्यावरून पुढे सरकून जातात.

कादंबरीवरून बेतलेल्या चित्रपटाच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक खटकते. कादंबरी ही एका माणसाने एकांतात बसून लिहिलेली असते. तिच्या गुणांचे श्रेय आणि दोषांचा बोल एकाच्याच पदरी पडतो. तिचा चित्रपट होतो तेव्हा ती अनेक हातांतून जाते. पटकथाकार तिचे काय ठेवायचे ते ठरवितो, दिग्दर्शक तिला देह देतो, नट तिला चेहरे देतात, छायालेखक उजेड देतो, संकलक श्वास देतो आणि संगीतकार तिचे मौन सांभाळतो. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना एका शरीराच्या अनेक अवयवांचा दृष्टांत दिला आहे. डोळ्याने हाताला कमी लेखू नये हे त्यातले मर्म. चित्रपटाच्या समीक्षेलाही तो दृष्टांत शोभून दिसतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एका मराठी चित्रपटाकडे त्याच्या नामावलीच्या वाटेने जाणार आहोत. तो चित्रपट म्हणजे १९७९ सालचा ‘सिंहासन’.

हाच चित्रपट का, असा प्रश्न वाचक करतील. त्याला तीन कारणे आहेत. पहिले कारण आमच्या गावाचे. नीरेकाठच्या सांगवीत राहणाऱ्या माणसाला राजकारण वर्तमानपत्रातून शिकावे लागत नाही. नदीपलीकडे फलटण तालुका, अलीकडे बारामतीचा ऊस, चहूकडे सहकारी साखर कारखाने आणि त्यांच्या निवडणुका. सत्ता म्हणजे काय, ती कशी मिळते आणि कशी निसटते, हे येथील शेतकरी कालव्याच्या पाण्याची पाळी मोजता मोजता शिकतो. दुसरे कारण असे की या चित्रपटाचे दोन धागे आमच्या परिसरातून गेलेले आहेत. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल यांनी शेजारच्या दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालविला. आणि चित्रपट घडत होता तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्रिपदी आमच्याच तालुक्यातील काटेवाडीचे शरद पवार होते. तिसरे कारण अधिक जवळचे. या चित्रपटात डिकास्टा नावाचा एक कामगार पुढारी आहे. मराठी चित्रपटाने ख्रिस्ती नावाच्या माणसाला दिलेल्या मोजक्या गंभीर स्थानांपैकी हे एक आहे. त्याविषयी आपल्या समाजात जेवढे बोलले जावयास हवे होते तेवढे बोलले गेलेले नाही.

प्रथम मूळ लेखकाकडे वळू. अरुण साधू हे व्यवसायाने पत्रकार. मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रांतून त्यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि मराठीत कादंबऱ्या लिहिल्या. ‘मुंबई दिनांक’ १९७३ साली आली, ‘सिंहासन’ १९७७ साली. पहिल्या कादंबरीचे नावच बातमीच्या शिरोभागी छापतात तसे आहे. मराठी कादंबरीतील राजकारण तोवर बहुतांशी गावच्या चावडीवर, पाटलाच्या वाड्यात किंवा स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणींत वावरत होते. साधूंनी ते सचिवालयाच्या लांबलचक मार्गिकांत, वृत्तपत्राच्या कचेरीत, कामगारांच्या सभेत आणि तस्करांच्या अड्ड्यावर नेले. त्यांच्या लेखनात कोणी एक नायक नाही. महानगर हाच नायक, आणि त्या महानगराला चालविणारी, वाकविणारी, विकणारी अनेक माणसे. पुढे २००७ साली नागपूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद साधूंना मिळाले. त्या मानाच्या मुळाशी या दोन कादंबऱ्या आहेत असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या दोन्ही कादंबऱ्या मिळून एक पटकथा करावयाची, हे काम विजय तेंडुलकरांकडे आले. रूपांतर म्हणजे संक्षेप अशी एक समजूत आपल्याकडे आहे. लांब गोष्ट आखूड केली की झाले. येथे प्रश्न त्याहून अवघड होता. दोन पुस्तके, दोन्हींत अनेक पात्रे, अनेक उपकथा आणि लेखकाचे स्वतःचे दीर्घ भाष्य. कादंबरीकार पात्राच्या मनात शिरून चार पाने लिहू शकतो. कॅमेऱ्याला मनात शिरता येत नाही, तो चेहऱ्यापाशी थांबतो. तेंडुलकरांनी यावर जो तोडगा काढला तो साधा आहे, आणि म्हणूनच थोर आहे. त्यांनी सारा पसारा एका प्रश्नाभोवती गुंफला: मुख्यमंत्र्यांची खुर्ची राहणार की जाणार? मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांना एक निनावी दूरध्वनी येतो. तुमच्या विरुद्ध तुमच्याच माणसांत कट शिजतो आहे, अशी सूचना मिळते. तेथून पुढे प्रत्येक प्रसंगाला त्या एका प्रश्नाची दोरी बांधलेली आहे. संप असो, पक्षातील फाटाफूट असो, कोणाचे खासगी दुःख असो, सारे त्या खुर्चीच्या पायांशी येऊन थांबते.

तेंडुलकरांनीही वृत्तपत्रांत दीर्घकाळ नोकरी केलेली होती. मूळ लेखक पत्रकार, पटकथाकार पूर्वाश्रमीचा पत्रकार. यामुळेच या चित्रपटातील पत्रकार दिगू टिपणीस हा कथा सांगण्यासाठी ठेवलेला निव्वळ सूत्रधार झालेला नाही. त्याला सर्व दालनांत प्रवेश आहे आणि कोठेच अधिकार नाही. सर्वांची गुपिते त्याच्याजवळ आहेत आणि त्यांतले छापता येण्याजोगे फार थोडे आहे. बातमीदाराची ही विचित्र अवस्था ज्यांनी स्वतः भोगलेली होती, त्यांनीच ती लिहिली. चित्रपट पाहताना आपण नकळत दिगूच्या जागी बसतो. तोही पाहतो, आपणही पाहतो. तोही काही करीत नाही, आपणही करीत नाही.

या कामात जे गमावले तेही सांगावयास हवे. कादंबऱ्यांतील मुंबईचा अफाट विस्तार पडद्यावर आक्रसतो. तस्करीचा धागा घाईघाईने येतो आणि जातो; सत्तेशी त्याचे नाते प्रेक्षकाला पुरते उमगण्याआधीच कथा पुढे सरकते. नाना पाटेकरांसारख्या नटाची ही अगदी सुरुवातीच्या काळातील भूमिका लक्षात राहते, पण तिला पुरेशी जागा मिळालेली नाही. दोन कादंबऱ्या एका बैठकीत सांगावयाच्या तर काही माणसे उंबऱ्यावरच उभी राहणार, हे ओघाने आले.

दिग्दर्शक जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट नव्हे. १९७५ साली ‘सामना’ आणि १९७७ साली गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील ‘जैत रे जैत’ त्यांनी केले होते. त्याआधी, १९७२ साली, तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनी रंगभूमीवर आणले होते. म्हणजे लेखक-दिग्दर्शकांची ही जोडी सत्तेच्या विषयाशी नवखी नव्हती. येथे एक गमतीची गोष्ट नोंदवून ठेवतो. या चित्रपटाच्या चमूत तीन डॉक्टर आहेत. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. तिघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. योगायोगावर फार इमारत रचू नये हे खरे. तथापि या चित्रपटाची नजर डॉक्टरची आहे, असे आम्हांस वाटते. डॉक्टर रोग्यावर रागावत नाही. तो रोगाला नाव देतो. ‘सिंहासन’मध्ये मंत्र्यांची टिंगल नाही, त्यांना राक्षस केलेले नाही. ती माणसे थकतात, घाबरतात, घरच्यांपुढे ओशाळतात. त्यामुळेच त्यांचा रोग आपल्यापासून दूर राहत नाही. साखर कारखान्याच्या संचालकपदासाठी सख्ख्या भावाशी अबोला धरणाऱ्या माणसालाही तो आपला वाटावा, इतका तो जवळ येतो.

चित्रीकरणासाठी मंत्रालयासारख्या खऱ्या शासकीय वास्तू मिळाव्यात म्हणून जब्बार पटेल मुख्यमंत्र्यांकडे गेले आणि शरद पवारांनी परवानगी दिली, हे पटेलांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. या परवानगीला तेव्हा विशेष अर्थ होता. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ आतूनच फुटून कोसळले होते आणि त्यातूनच पवार मुख्यमंत्री झाले होते; फेब्रुवारी १९८० पर्यंत ते त्या पदावर होते. ज्या काळात मुख्यमंत्र्याला त्याच्याच माणसांनी खाली खेचण्याची गोष्ट महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिली, त्याच काळात ती गोष्ट पडद्यासाठी चित्रित होत होती, आणि तीही सत्तेच्या खऱ्याखुऱ्या जिन्यांवर. पवारांच्या राजकारणाविषयी आमच्या तालुक्यातही घरोघरी मतभेद आहेत. तो या लेखाचा विषय नव्हे. सत्तेने स्वतःवरील टीकेला आपले दार उघडून दिले, एवढी गोष्ट त्या प्रसंगापुरती नोंदवावी. नंतरच्या काळात कलाकृतींवर येणाऱ्या बंदीच्या मागण्या आणि धमक्या पाहिल्या म्हणजे तिचे मोल अधिकच जाणवते.

त्या वास्तूंना कॅमेऱ्यात पकडले सूर्यकांत लवंदे यांनी. मराठीत रंगीत चित्रपट येऊन काही वर्षे लोटली होती, तरी ‘सिंहासन’ कृष्णधवल राहिला. कारण काहीही असो, परिणाम कथेला पोषक झाला. सकाळच्या वर्तमानपत्रातील छायाचित्रे जशी काळी-पांढरी आणि किंचित खरबरीत असत, तसा या चित्रपटाचा पोत आहे. रंग आले असते तर मंत्र्यांचे दिवाणखाने डोळ्यांत भरले असते. येथे माणसांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे भरतात. एन. एस. वैद्य यांचे संकलन तसेच गुणी. इतकी पात्रे, इतक्या जागा, तरी प्रेक्षकाचा धागा क्वचितच तुटतो. चांगल्या संकलकाचे दुर्दैव असे की त्याचे काम चांगले झाले की ते दिसत नाही. आईने घर नीटनेटके ठेवले तर पाहुण्यांना घर दिसते, आईचे कष्ट दिसत नाहीत. त्यातलाच हा प्रकार.

आता नटांकडे येऊ. पात्रनिवड हा दिग्दर्शकाने केलेला कादंबरीचा अर्थ असतो. वाचकाच्या मनात पात्राचा चेहरा धूसर असतो. नट निवडला की तो पक्का होतो, आणि त्या नटाच्या जुन्या भूमिकाही त्याच्यासोबत येतात. ‘सिंहासन’ पाहण्याआधी ‘सामना’ पाहिलेल्या प्रेक्षकाला हे लगेच कळले असेल. ‘सामना’त निळू फुले साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील होते आणि श्रीराम लागू त्या सत्तेला एका मारुती कांबळेचे काय झाले असे विचारणारे मास्तर. ऊसपट्ट्यातील प्रेक्षकांना हिंदुराव कोण, हे समजावून सांगावे लागले नाही. चार वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये दोघांच्या जागा जणू बदलल्या. ज्या लागूंनी सत्तेला प्रश्न विचारले, ते येथे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे होऊन मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून आहेत. ज्या फुलेंनी सत्ता उपभोगली, ते येथे खांद्याला पिशवी अडकवलेल्या साक्षीदाराच्या जागी आहेत. ही अदलाबदल आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. सत्ता हा कोणा एका जातकुळीच्या माणसाचा रोग नाही. जागा बदलली की तो कोणालाही जडू शकतो, हे एकही वाक्य न उच्चारता केवळ पात्रनिवडीतून सांगितले गेले आहे.

निळू फुले हे पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेले नट. १९६८ सालच्या ‘एक गाव बारा भानगडी’पासून त्यांना पडद्यावर बेरकी आणि दुष्ट माणसे रंगविण्याचे काम इतके मिळाले की खेड्यापाड्यांतील प्रेक्षक त्यांना खलनायकच मानीत. त्यांच्या हाती दिगू टिपणीस देणे हे मोठे धाडस होते. फुले या भूमिकेत जवळजवळ काहीच करीत नाहीत, आणि तीच त्यांची करामत आहे. ते ऐकतात. दुसरा बोलत असताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यात चित्रपटाचा न्यायनिवाडा चाललेला असतो. शेवटी जेव्हा सारी उलथापालथ होऊनही काहीच बदलत नाही आणि कालचे वैरी आज एकमेकांना सांभाळून घेतात, तेव्हा दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू आहे की रडू, हे ठरविता येत नाही. इतके दिवस गिळलेले सारे त्या एका क्षणी बाहेर पडते.

अरुण सरनाईक यांची निवड तितकीच विचारपूर्वक झालेली दिसते. कोल्हापूरचा हा नट संगीत-नाटकाच्या घराण्यातला. वडील शंकरराव सरनाईक हे नामांकित गायक-नट. तमाशापटांतला देखणा, गोड गळ्याचा नायक म्हणून महाराष्ट्राने अरुण सरनाईकांवर प्रेम केले होते. तोच प्रसन्न चेहरा मुख्यमंत्री जिवाजीरावांना मिळाला. त्यामुळे मुख्यमंत्र्यांच्या प्रत्येक चालीत प्रेक्षक आरंभी त्यांच्या बाजूने असतो. डाव पुरता उलगडल्यावर त्याला कळते की आपणही त्या गोडव्याला फसलो. मतदाराचे दुसरे काय होते? दत्ता भट, मधुकर तोरडमल, श्रीकांत मोघे, मोहन आगाशे, उषा नाडकर्णी, रीमा लागू अशी तालेवार मंडळी लहान लहान भूमिकांत उभी आहेत. त्यांतील बहुतेकांना एकट्याच्या बळावर नाटक पेलता आले असते. येथे त्यांनी आपापल्या वाट्याचे चार प्रसंग निष्ठेने केले आणि बाजूला झाले. सामूहिक कलेचा हा संस्कार मराठी रंगभूमीने त्यांना दिला होता.

आता डिकास्टाविषयी. ही भूमिका सतीश दुभाषी यांनी केली. १९७५ सालच्या ‘ती फुलराणी’ नाटकात भक्ती बर्वे यांच्यासमोर उच्चारशास्त्राचा प्राध्यापक रंगविणारे हे बुद्धिमान नट १९८० साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, निधन पावले. त्यामुळे चित्रपटसृष्टीत त्यांचा जो थोडा ठेवा मागे राहिला, त्यात डिकास्टाचे स्थान मोठे आहे.

या भूमिकेचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळातील हिंदी पडदा आठवावा. १९७३ सालच्या ‘बॉबी’त प्रेमनाथ यांचा जॅक ब्रगांझा आहे, दिलदार, गोंगाट करणारा, पेल्याचा शौकीन. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’तला अँथनी धर्मगुरूंच्या छायेत वाढतो, पण दारूचा अड्डा चालवितो. ही पात्रे प्रेमळ आहेत, त्यांनी आपल्यालाही हसविले आहे. तक्रार एवढीच की ख्रिस्ती माणूस पडद्यावर आला की त्याच्या हाती बाटली किंवा गिटार द्यावी लागते, अशी निर्मात्यांची खातरी होऊन बसली होती. मुली आल्या तर त्या फ्रॉक घालून नाचण्यासाठी. शेतमजुरी करणारा, शाळेत शिकविणारा, गिरणीत राबणारा, मराठीत प्रार्थना म्हणणारा ख्रिस्ती माणूस या पडद्याला माहीतच नव्हता.

या पार्श्वभूमीवर डिकास्टा येतो तो कामगारांचा पुढारी म्हणून. विनोदासाठी त्याला आणलेले नाही. सत्तेच्या पटावर बसलेल्या प्रत्येकाला त्याचा हिशेब धरावा लागतो, कारण त्याच्यामागे माणसे आहेत. त्याचे वाचकांना जॉर्ज फर्नांडिसांशी साम्य वाटले असेल तर नवल नाही. मंगळूरच्या कॅथोलिक घरात जन्मलेले, बंगळूरच्या सेमिनरीत धर्मगुरुपदाचे शिक्षण सोडून मुंबईत आलेले, १९६७ साली स. का. पाटलांना हरविणारे आणि मे १९७४ च्या रेल्वे संपाचे नेतृत्व करणारे जॉर्ज त्या काळी घराघरांत ठाऊक होते. तरीही पात्राला व्यक्तीच्या मापाने मोजू नये. साधूंनी मुंबईच्या कामगार चळवळीतून एक प्रवृत्ती उचलली आणि तिला डिकास्टा हे नाव दिले, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

दुभाष्यांनी डिकास्टाला दिलेली मुख्य गोष्ट म्हणजे अस्वस्थता. पुढाऱ्याचा रुबाब त्यांनी टाळला. ज्याच्या शब्दावर हजारो घरांची चूल बंद राहू शकते, त्या माणसाला झोप लागत नसणार, हे त्यांच्या देहबोलीतून कळते. चित्रपटानंतर तीनच वर्षांनी, जानेवारी १९८२ मध्ये, मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्या संपाने गिरणगाव उद्ध्वस्त झाले. आज ‘सिंहासन’ पाहताना डिकास्टाच्या चेहऱ्यावरची काळजी त्या पुढच्या दुर्दैवाची आगाऊ सूचना वाटते.

आता आपल्या घरातला प्रश्न. डिकास्टा ख्रिस्ती आहे, हे त्याच्या नावावरून कळते. त्याच्या श्रद्धेविषयी चित्रपट बोलत नाही. त्याची ओळख होते ती त्याच्या कामावरून. काही सुजाण वाचकांना ही उणीव वाटेल. त्यांचे म्हणणे हलके नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून कामगाराच्या न्याय्य वेतनाचा आणि संघटनेचा हक्क सांगितला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’मध्ये श्रमाच्या प्रतिष्ठेचा पुन्हा उच्चार केला. एवढी मोठी परंपरा पाठीशी असलेल्या समाजातील माणूस कामगारांसाठी लढतो, आणि त्याच्या लढ्याचा त्याच्या श्रद्धेशी काही संबंध आहे का, हे लेखक विचारतही नाही. ही संधी गमावणे नव्हे काय?

आम्हांस मात्र वाटते की त्या मौनाचा लाभ अधिक झाला. गळ्यातला क्रूस दाखवून पात्राला ख्रिस्ती ठरविणे सोपे होते. तसे केले असते तर डिकास्टा ‘त्यांच्यातला एक भला माणूस’ झाला असता. चित्रपटाने त्याला तसे वेगळे काढले नाही. मराठा मंत्री, पत्रकार दिगू, तसाच हा एक डिकास्टा, महाराष्ट्राच्या प्रश्नांत पूर्ण गुंतलेला आणि त्यांना उत्तरदायी. समाजाचा घटक असणे म्हणजे आणखी काय असते? बारामती-इंदापूरच्या गावांतून राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना शेजारी ज्या नजरेने पाहावेत असे वाटते, ती हीच नजर. श्रद्धा ही पात्राच्या कपाळावर लिहिण्याची गोष्ट नसून त्याच्या वागण्यात मुरण्याची गोष्ट आहे. तरीही दुसऱ्या बाजूचा आग्रह आम्ही एका अर्थाने मान्य करतो. ती अंतर्बाजू परक्या लेखकाने लिहावी अशी अपेक्षा आपण किती दिवस करणार? डिकास्टा रविवारी मिस्साला जातो की नाही, संपाच्या आदल्या रात्री तो कोणती प्रार्थना म्हणतो किंवा म्हणू शकत नाही, हे लिहिण्याचे काम आपल्याच लेखकांचे आहे.

संगीताच्या बाबतीत हृदयनाथ मंगेशकर यांचा संयम वाखाणण्याजोगा आहे. दोनच वर्षांपूर्वी ‘जैत रे जैत’मध्ये त्यांनी ठाकरांच्या जीवनाचा सारा प्रवाह गाण्यांतून वाहता केला होता. येथे गाण्याला जवळजवळ मज्जाव आहे. सुरेश भटांची एक रचना आशा भोसले यांच्या आवाजात येते आणि कथेतील निराशेला सामुदायिक शोकाचे रूप देऊन जाते. योग्य जागी एक गाणे हे अयोग्य जागी आठ गाण्यांहून अधिक काम करते, हा धडा मराठी निर्मात्यांनी त्यातून घ्यावयास हवा होता.

संगीताचा विषय निघाला म्हणून एक सल सांगतो. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद दशकानुदशके गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी पेलला. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही माणसे व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेऊन मुंबईत आली. सेबॅस्टियन डिसोझांसारख्यांनी नामांकित संगीतकारांच्या चालींची वाद्यरचना केली, अँथनी गोन्साल्विसांसारख्यांनी प्यारेलालसारखे शिष्य घडविले. अमिताभ बच्चन यांच्या त्या प्रसिद्ध पात्राला दिलेले नाव हे शिष्याने गुरूला केलेले वंदन होते. बहुसंख्य वादकांची नावे मात्र पडद्यावर कधी आली नाहीत. हजारो गाण्यांत त्यांचा श्वास आहे, नामावलीत नाव नाही. पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस दारुडा आणि पडद्यामागचा अनाम. हा दुहेरी अन्याय लक्षात घेतला, की नामावली वाचण्याचा आमचा आग्रह केवळ शिष्टाचाराचा नाही हे वाचकांना पटेल.

‘सिंहासन’चा सर्वांत मोठा दोष त्यातील स्त्रियांविषयीचा आहे. समर्थ अभिनेत्री असूनही त्यांच्या वाट्याला पुरुषांच्या डावपेचांच्या कडेला उभे राहणे येते. राजकारणाचे घाव घरातील स्त्रीवर कसे उतरतात, याची चुणूक दिसते; तिचे स्वतःचे म्हणणे ऐकू येत नाही. याच दिग्दर्शकाने व याच पटकथाकाराने १९८२ साली शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून ‘उंबरठा’ केला. त्यात स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमाच्या अधीक्षक म्हणून घराबाहेर पडते आणि परतल्यावर तिला आपलेच घर परके झालेले आढळते. पहिल्या चित्रपटात जो आवाज राहून गेला होता, त्याची भरपाई दुसऱ्याने केली असे म्हणता येईल. ज्यांना कुटुंबासह एकच चित्रपट पाहावयाचा असेल त्यांनी दोन पाहावेत आणि नंतर घरात चर्चा करावी, अशी आमची शिफारस आहे.

येथे पालकांच्या मनातला प्रश्न येतो. इतका निराश चित्रपट मुलांना दाखवावा का? अकरावे पायस यांच्या १९३६ सालच्या परिपत्रकापासून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या ‘इंटर मिरिफिका’पर्यंत धर्मसभेने चित्रपटाचा विचार केला तो त्याच्या सामर्थ्याची जाण ठेवून, प्रेक्षकाने विवेकाने निवड करावी, हा त्यातील रोख. त्या विवेकाच्या कसोटीवर आम्ही ‘सिंहासन’च्या बाजूने मत देतो. दिगूचे हसू ही निराशा आहे खरी, पण ती सत्याच्या पलीकडे जाणारी नाही. खोटी आशा देणारे शेकडो चित्रपट मुले पाहतातच. त्यांत नायक एकट्याने भ्रष्ट मंत्र्याला लोळवितो आणि प्रेक्षक निर्धास्त होऊन घरी जातो. ‘सिंहासन’ प्रेक्षकाला निर्धास्त होऊ देत नाही. सारे ठाऊक असूनही केवळ पाहत राहिलेल्या माणसाचे शेवटी काय होते, ते तो दाखवितो. गावच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलामुलींनी हे पाहिलेलेच बरे.

या चित्रपटाला त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. निर्माते डी. व्ही. राव आणि स्वतः जब्बार पटेल यांनी ज्या विषयावर पैसा घातला, तो गल्ल्याच्या दृष्टीने सुरक्षित नव्हता. त्यांचेही नाव येथे घेणे उचित होईल. काळाच्या ओघात नामावलीतील बरीच नावे आता आपल्यातून गेली आहेत. सतीश दुभाषी १९८० साली गेले, अरुण सरनाईक १९८४ साली अपघातात गेले, सुरेश भट २००३ साली, विजय तेंडुलकर २००८ साली, निळू फुले २००९ साली, अरुण साधू आणि रीमा लागू २०१७ साली, डॉ. श्रीराम लागू २०१९ साली.

आपल्या धर्मग्रामांत नोव्हेंबर महिन्यात मृतांच्या नावांच्या याद्या वेदीजवळ ठेवण्याची रीत आहे. त्या याद्यांत मोठी माणसे असतात तशी ज्यांना गावाबाहेर कोणी ओळखत नव्हते अशीही असतात. नाव लिहिण्यात आपण कधी भेद करीत नाही, कारण प्रत्येकाने या घराची एखादी तरी वीट रचलेली असते, अशी आपली श्रद्धा आहे. तीच सवय चित्रपटगृहात आणि घरच्या दूरचित्रवाणीसमोर आपण न्यावी. नामावली संपेपर्यंत जागेवर बसून राहण्यास फार तर दोन-चार मिनिटे लागतात.